गाठ मारलेलं देवधान

ऋषीपंचमीच्या दिवशी बाईनं बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. ज्या जमिनीला नांगर लागला तिथलं काहीच नाही. गहू नाही, तूर नाही, तांदूळ तर नाहीच. आणि आमचं तर सगळं पोटच तांदळावर. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. मग त्या दिवशी खायचं काय? तर देवधान. तलावाच्या पाण्यात आपोआप उगवणारा भात. कोणी पेरत नाही, कोणी रोवत नाही, म्हणून देवाचा.

माझी बायको हा उपास लग्न होऊन आली तेव्हापासून मरेपर्यंत धरत होती. ती गेली त्याला आता एक पावसाळा झाला.

मी चौथी शिकलो आणि नांगराला लागलो. लिहायची सवय नाही. पण गावात तिच्याबद्दल एक गोष्ट सांगतात, ती अर्धीच आहे. तलावात बेशरम, ती जांभळ्या फुलाची झाडी, हिनं आणली, म्हणतात. आणली. खोटं नाही. पण पुढचं कोणी सांगत नाही, कारण पुढच्यात सगळे आहेत. म्हणून मी लिहून राहिलो. नाव कोणाचंच लिहीत नाही. जे मेले त्यांना नावाचं काम नाही, आणि जे आहेत ते भांडायला येतील.

आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून पायी जाण्याइतकं. तेव्हा जिल्हा भंडारा होता. गावाच्या वरच्या अंगाला तलाव, तलावाची पाळ, पाळीखाली आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं. तलाव पाळीजवळ खोल आणि पलीकडे, जंगलाच्या बाजूला, उथळ. कमरेइतकं पाणी, कुठं मांडीइतकं. त्या उथळात देवधान व्हायचं. आश्विनात ते निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, की दुरून तांबूस दिसायचं, कारण त्याच्या दाण्याला लांब कुसळ असतं आणि ते कुसळ लाल असतं. त्या गवतात पाणकोंबड्या, बदकं, मरळ मासे, सगळ्यांचीच घरं. सारसाची एक जोडी दर पावसाळ्यात तिथं यायची. देवधानाचंच पात उपटून पाण्यात ढीग करायची आणि त्यावर अंडी घालायची. त्यांना कोणी हात लावत नव्हतं. हात लावावा असं कोणाच्या मनातही येत नव्हतं.

देवधान कापणं सोपं नाही. दाणा पिकला की लगेच झडतो, पाण्यात पडतो. म्हणून तो हिरवा असतानाच मासे धरणारे ढिवर लोक डोंग्यातून जायचे. डोंगा म्हणजे एका खोडाची कोरलेली नाव. दहावीस ताटं एकत्र धरायची आणि त्याच्याच पात्यानं वर गाठ मारायची. मग दाणा गाठीत अडकून राहतो. पिकला की जाऊन टोपलीत झोडून आणायचा. आणि तलावाचा एकच कायदा होता. ज्यानं गाठ मारली, देवधान त्याचं. दुसरा कोणी कापणार नाही. माणूस उपाशी असला तरी नाही. ज्या झुपक्याला गाठ नाही, तो पाखरांचा आणि पुढच्या सालच्या बियाण्याचा.

गावात एक ढिवरीण म्हातारी होती. नवरा मेलेला, डोंगा स्वतः चालवायची. तिची गाठ ओळखू यायची, दुहेरी असायची. माझी बायको लग्नानंतरच्या पहिल्याच पंचमीला टोपलीत धान घेऊन तिच्या दारात गेली. नवी नवरी, हळद उतरली नव्हती. पुढं तिनंच मला हे हसत हसत सांगितलं.

"मावशी, देवधान देता का? पंचमी आली."

"तुह्या सासूनं पाठोलं का आपल्या मनानं आली?"

"मनानं आली."

"मंग दोन पायल्या धान लागंल. सासूनं पाठोलं असतं तं येकच घेतली असती. सासूले भेतो मी."

मग टोपलीत हात घालून म्हातारी म्हणाली, "बैलाचं धान देऊन बिनबैलाचं मांगून राहिली. देवाले समजत नाही काय व?"

"देवाले समजते. तुमी सांगू नोका."

तिथून दोघींचं जमलं. म्हातारीला एक मुलगा होता, लेक नव्हती, आणि हिचं माहेर दूर. पुढं ही डोंग्यात बसून तिच्यासोबत गाठी मारायला जायला लागली. आमच्या जातीच्या बायका डोंग्यात बसत नव्हत्या. माझी आई बोलली. ही ऐकून घ्यायची आणि जायची.

हे सगळं स्वराज्याच्या आसपासचं. आता कुंपणाचं सांगतो.

घरामागं आमची वाडी होती. बायकोनं तिथं वांगी, वालाच्या शेंगा, कोचई, हळद, सगळं कुदळीनं लावलेलं. कोचई म्हणजे अळू. वाडीला दरसाल बोरीच्या काट्यांचं कुंपण करायचो. काट्या मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, जंगलातून यायच्या, त्याबदल्यात त्याच्याकडे काम करून द्यायचो. मग मालगुजारी गेली. लोकांनी नारळ फोडले, मीही फोडला. जंगल सरकारात गेलं आणि नाकेदार, जंगलाचा शिपाई, आला. त्यानं काट्या तर सोडा, कुऱ्हाडीसुद्धा काढून घेतल्या. एक साल वाडी उघडी राहिली. माझ्या मोठ्या भावाचे बैल घुसले आणि एका सकाळीत सगळं साफ. भाऊ म्हणाला, "जनावर आहे. त्याले का समजते."

तिनं भांडण केलं नाही. माहेरी गेली. तिचं माहेर गोंदियाकडचं. परत आली ती छोट्या लाईनच्या गाडीनं. मी स्टेशनावर बैलगाडी घेऊन गेलो होतो. ही उतरली ती डोक्यावर ओल्या पोत्यात गुंडाळलेला भारा घेऊन.

"काय आनलं व?"

"कुंपन."

"कुंपन कोनी डोक्शावर आनते?"

"आपल्या गावात आता दुसऱ्या कोनत्या रस्त्यानं येते सांगा."

तिच्या भावानं रायपूरकडून आणलेल्या काड्या होत्या. बोटभर जाड, आतून पोकळ. गाय तोंड लावत नाही, बकरी लावत नाही. पाणी नको, खत नको. नुसती काडी खोचा. आणि तोडलं तरी फुटते. हे शेवटचं ऐकून आम्हाला सगळ्यात जास्त आनंद झाला होता, हे मला चांगलं आठवते. तोडलं तरी फुटते.

फुटली. एका पावसाळ्यात माणसाइतकी उंच झाली. भोंग्यासारखं फिकं जांभळं फूल, बारा महिने. वाडी वाचली. गावात सगळ्यांच्याच वाड्या उघड्या होत्या, सगळ्यांनाच नाकेदाराचा त्रास. बायका यायच्या, "दोन काड्या दे व." ही मोडून द्यायची. तिला बरं वाटायचं. इतके दिवस ती कुठल्या तरी गावावरून आलेली सून होती, आता तिच्या हातचं काही तरी घराघरात गेलं. सगळ्यात आधी काड्या नेल्या माझ्या भावानं. गाडीभर नेल्या. म्हातारीनं झोपडीच्या भिंतीला लावली. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा लोक कौतुकानंच म्हणाले, मरतच नाही, बेशरम आहे.

मग एका जोरदार पावसात तलावाची पाळ एका ठिकाणी खचली. तलाव आता सरकारचा झाला होता, मालगुजार माती टाकत नव्हता आणि सरकारची माती अर्ज करून येत होती. गाव बैठकीला बसलं. भाऊ म्हणाला, "पाळीवर बेशरम लावा. मुळं माती धरतात." कोणालाच ते चूक वाटलं नाही. म्हातारी म्हणाली, "लावा, माही डोंगा बांधाची जागा बी पक्की होईल." सगळे लावायला गेले. लेकरंसुद्धा. त्या दिवशी पाळीवर जत्रा भरल्यासारखं होतं.

पाळ धरली, हेही खरं आहे. खोटं कायले सांगू. पण बेशरमला पाळीवर राहायचं नव्हतं. ती उतारावरून पाण्यात उतरली. आम्हाला वाटलं, पाण्यात सडेल. ती पाण्यात अजून जाड झाली. फांदी वाकायची, पाण्याला टेकायची, जिथं टेकली तिथं मूळ. एका उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा पाहिलं तर पाळीच्या बाजूचा चिखल दिसतच नव्हता, सगळा हिरवा. ढिवरांचं जाळं ओढता येईना, काड्यांत फाटायचं. पाणकोंबड्या पलीकडे सरकल्या. बदकं आली तर वरून चक्कर मारायची आणि जायची.

पहिला टोमणा म्हातारीनंच मारला. बायको घाटावर धुणं धुत होती, मी बैलांना पाणी दाखवत होतो. म्हातारी डोंगा ढकलत होती आणि तो काड्यांत अडकला होता.

"सूनबाई, तुह्या माहेरचं वान आता माह्या डोंग्यात चढून राहिलं."

"मावशी, तुमी बी तं लावली."

"मी लावली. पन आनली कोनं?"

घाटावरच्या बायका हसल्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या वाडीला तेच कुंपण होतं. ही धुणं तसंच घेऊन घरी आली आणि त्या दिवशी जेवली नाही. मी म्हणालो, "म्हातारी मस्करी करून राहिली." ती म्हणाली, "मस्करी नाही. तिचं पोट त्या पान्यावर आहे."

तेव्हा गावोगावी श्रमदानाचं वारं होतं. भावानं पुढाकार घेतला. भाऊ वाईट माणूस नव्हता, हे इथंच सांगून ठेवतो. कामाला पुढं आणि तोंडालाही पुढं. कार्तिकात धान कापायच्या आधी गाव कोयते-कुऱ्हाडी घेऊन पाण्यात उतरलं. मी होतो. ही बायकांमध्ये होती, सगळ्यात पुढं. आम्ही बेशरम कापली आणि ढीगच्या ढीग पाण्यात ढकलले.

पाण्यात का ढकलले? कारण आमच्याकडे हिरवं कापलं की ते पाण्यातच जाते. बांधीत चिखल करताना करंजाचा पाला, पळसाचा पाला आम्ही तुडवतो. तो सडतो, धानाला खत होते. बापानं केलं, आज्यानं केलं. हिरवं पाण्यात सडते, ही गोष्ट आम्हाला चुलीत जाळ लागते इतकी पक्की माहीत होती. भाऊ काठावरून ओरडून सांगत होता, "टाका, टाका, पुढच्या साली बांध्यायले सोनं उतरंल."

काड्या पोकळ. त्या सडल्या नाहीत, तरंगल्या. हिवाळ्याच्या वाऱ्यानं सगळ्या वरच्या उथळाला जाऊन लागल्या, देवधानात. तिथं एकेका पेरातून मूळ फुटलं. इतके दिवस ती पाळीच्या बाजूनं हळूहळू जात होती. आम्ही तिला एका दिवसात पलीकडे नेऊन सोडली.

पुढच्या आश्विनात तिथं तांबूस काही दिसलं नाही. फिकं जांभळं दिसलं. खालच्या सावलीत देवधानाचं पात पिवळं, लांबट, निसवणार नाही असं. सारसाची जोडी त्या पावसाळ्यात आली होती. पाण्याच्या कडेकडेनं चालत राहिली. ढीग करायला पात नव्हतं आणि बेशरमच्या काड्या त्यांच्या चोचीनं तुटत नव्हत्या. थोडे दिवस त्यांचं ओरडणं ऐकू यायचं, मग नाही आलं. त्यानंतर आमच्या तलावावर सारस मी पाहिला नाही. चिचगडकडच्या एका सोयऱ्यानं एकदा सांगितलं, त्यांच्याकडे दिसला. दिसला असेल. सारसाचा जोडीदार मेला तर दुसरा अन्न सोडून मरतो, असं लोक सांगतात. मला माहीत नाही. मी दोन वेळ जेवतो.

श्रमदानानंतर गावानं तोंड फिरवलं. कोणी म्हणालं नाही की आपण काड्या पाण्यात टाकल्या. सगळे म्हणाले, हिनं आणली. ही रोज दुपारी जायची. कापायची नाही, मुळासकट उपटायची आणि वर खडकावर वाळत घालायची. हाताला चीक लागून कातडी फाटायची. लोक पाळीवरून जाता जाता म्हणायचे, "काऊन व, माहेर उपटून राहिली का?" मी एक-दोनदा तिच्यासोबत गेलो. जितकं उपटलं तितकं मागं फुटलेलं असायचं. मी म्हणालो, हे होणारं काम नाही. ती म्हणाली, "होते म्हून मी करून राहिली नाही." एवढंच.

मग एका सकाळी म्हातारी आमच्या दारात आली. ती कधी आमच्या दारात येत नव्हती, हीच जायची. तिच्या हातात वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा होता, तोंडाला गोवरीची राख लावून बंद केलेला.

"हे घे. जेवळ्या गाठी मारता आल्या तेवळं आहे. आता वर काही राहिलं नाही."

ही धान आणायला आत वळली. म्हातारी म्हणाली, "धान नोको. पंचमीले खा, नाहीतर पेर. दोन्ही होनार नाही, इतकंसं आहे."

"मावशी, देवधान पेरते का कोनी?"

"देवानं पेरनं सोडलं. आता कोनी तरी पेराच लागंल."

ती गेली. तिचा मुलगा तिला भिलाईकडे घेऊन जाणार होता, तिकडे कारखाना उभा राहत होता आणि मजुरी मिळत होती. मासोळीवर तिचं भागत नव्हतं. त्यानंतर ती गावात दिसली नाही. डोंगा बरेच दिवस काठाला उपडा पडून होता.

तुंब्यात दोन ओंजळी देवधान. त्यावरून आमचं वाजलं. मी सरळ म्हणालो, "खाऊन घे. उपास पार पड. पुढच्या साली पाहू."

"पुढच्या साली का पाहू? तुंबा?"

"देवानं का तुले बांधून ठेवलं? नसंल देवधान तं शिंगाडे खा."

"शिंगाडे कुठं आहेत आता? त्याच पान्यात होते."

मी ओरडलो. पंचमीच्या दिवशी आघाड्याच्या काडीनं दात घासून, आंघोळ करून, पूजा करून तिनं वाडीतल्या कोचईची पानं उकडली आणि मीठ लावून खाल्ली. भाताचा कण नाही. तुंबा तसाच ठेवला.

आमची एक बोडी होती. बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव, बांध्यांना एखादं पाणी द्यायच्या कामाचा. बापाच्या वेळची, माझी आणि भावाची सामाईक. तिच्या खाली भावाच्या बांध्या. त्या बोडीत बेशरम नव्हती, कारण ही रोज पाहायची, एक काडी दिसली तरी काढून जाळायची. उन्हाळ्याच्या शेवटी तिनं ओल्या चिखलात अर्धं देवधान फेकलं. अर्धं तुंब्यात ठेवलं. मला विचारलं नाही.

आलं. मला वाटलं नव्हतं, पण आलं. भादव्यात पात वर निघालं, आश्विनात निसवलं, लाल कुसळ. ती इतकी खूश झाली की मला बोलावून दाखवायला घेऊन गेली. मी म्हणालो, "बरं आहे." आता वाटते, अजून काही बोलायला पाहिजे होतं.

पण दाणा वाहतो. बोडीचं पाणी भावाच्या बांधीत उतरायचं आणि त्यासोबत काही दाणे उतरले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या बांधीच्या वरच्या कोपऱ्यात धानामध्ये देवधान उभं राहिलं. भावानं त्या साली जपानी पद्धत केली होती. दोरी लावून रोवणी, विकतचं खत, गावात पहिला. लोक पाहायला यायचे. आणि त्या सरळ ओळींमध्ये हे लाल कुसळाचं उंच गवत.

तलावात ते देवधान असते. धानाच्या बांधीत त्यालाच करगा म्हणतात. करगा धानाआधी पिकतो आणि झडतो, पुढच्या साली दुप्पट येतो, पीक खाऊन टाकतो. कोणताही शेतकरी करगा ठेवत नाही. मीसुद्धा ठेवला नसता.

भाऊ विळा घेऊन बांधीवर आला आणि मला हाक मारली.

"तुही बायको देव पेरते आन माह्या बांधीत करगा निंगते. ये, पाह्य."

मी गेलो. ही माझ्यामागून आली. भाऊ तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर सून डोळ्यापर्यंत पदर घेते आणि त्याच्याशी बोलत नाही. सांगायचंच असेल तर नवऱ्याला सांगते आणि तो ऐकतो. त्या दिवशीपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. ती पाठमोरी उभी राहिली आणि मला म्हणाली,

"त्यायले सांगा, गाठ मारली आहे."

पाहिलं तर खरंच. कोपऱ्यातल्या झुपक्यांना वर गाठी होत्या. दुहेरी. म्हातारीची गाठ. ही सकाळीच येऊन मारून गेली होती.

भाऊ मला म्हणाला, "तिले सांग, गाठ तलावात चालते. हे माही बांधी आहे."

"त्यायले सांगा, तलाव होता तवा तलावातच मारत होती."

"तिले सांग, तलाव कोनं बुडवला ते गावाले माहीत आहे."

मी मध्ये उभा. दोघांचं ऐकून राहिलो आणि कोणाचंच कोणाला सांगत नव्हतो, कारण दोघांनाही ऐकू येतच होतं. मग ती वळली. पदर तसाच, पण तोंड त्याच्याकडे.

"भाऊजी, बेशरम माह्या हातातून पयले तुमी नेली. गाडीभर नेली. पान्यात टाका म्हून काठावून तुमी सांगतलं. मी गावात कोनाजवळ तुमचं नाव काहाडलं नाही. आता माह्या गाठीले हात लावू नोका."

आवाज मोठा नव्हता. बाजूच्या बांधीत निंदणाऱ्या बायका होत्या, त्यांचे हात थांबले. भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याला काही म्हणेन, तिला काही म्हणेन, अशी त्याची अपेक्षा असावी. मी मधून बाजूला झालो. तो चिखलात खाली बसला, गाठ नसलेलं देवधान उपटलं आणि बांधीबाहेर फेकलं. गाठ मारलेलं सोडलं. आणि तो एकीकडून उपटत असताना ही दुसरीकडून उरलेल्या झुपक्यांना गाठी मारत होती. दोघं समोरासमोर येईपर्यंत. मग तो उठून घरी गेला. निंदणाऱ्या बायका नंतर कितीतरी दिवस हसत होत्या, पण यावेळी हिच्यावर नाही.

तिला ते देवधान मिळालं. तलावाचा कायदा भावानं त्याच्या बांधीत एक साल पाळला. मी म्हटलं ना, वाईट माणूस नव्हता.

पण त्यापुढच्या उन्हाळ्यात त्यानं बोडीतला आपला हिस्सा मागितला. म्हणाला, अर्ध्या बोडीतून मला भात होत नाही, बांधी केली तर होते. जपानी पद्धतीचं पीक पाहून बरेच लोक तेच करत होते, बोड्या फोडून बांध्या. मी भांडलो, पंचांकडे गेलो. पंचांनी त्याला हिस्सा दिला, त्यांच्याही बोड्या फोडायच्या राहिल्या होत्या. त्यानं पाळ फोडली, आपल्या बाजूला माती भरली. उरलेल्या अर्ध्या बोडीत पाणी थांबेना. देवधानाला पाणी लागते. ते गेलं.

त्यानंतर तिनं दुसरं पाणी शोधलं. लग्नाला, तेरवीला, जत्रेला, कुठं गेलो की तुंब्यातलं थोडं पदरात बांधून न्यायची आणि तलाव पाहायची. मी बैलगाडी थांबवायचो. ती उतरून काठावर जायची, पाहायची आणि परत येऊन बसायची. बहुतेक ठिकाणी काठावर फिकं जांभळं फूल. आमच्या आधीच पोचलेलं. एक-दोन ठिकाणी तिनं टाकलंही. उगवलं की नाही ते पाहायला परत जाणं झालं नाही. सांगायचो सोयऱ्यांना, गाठ मारा, ठेवा. ते हो म्हणायचे. कोण मारते गाठ.

शेवटी मूठभर राहिलं. ते तिनं कुठंच टाकलं नाही. तुंबा चुलीवरच्या आढ्याला टांगला, धुरात किडा लागत नाही म्हणून. दर पंचमीला मी विचारायचो, "काढू का तुंबा?" ती म्हणायची, "राहू द्या." आणि कोचई उकडायची. असं आयुष्यभर चाललं. घर बदललं, कौलं बदलली, तुंबा नव्या आढ्याला टांगला. पोरी सासरी गेल्या, त्यांनी हा उपास धरला नाही. आता दुकानात उपासाचा म्हणून कसला तरी तांदूळ मिळतो. मी एकदा आणला. तिनं हातात घेऊन पाहिला आणि कोंबड्यांना टाकला.

ती गेली तेव्हा शेजारच्या मुली फुलं घेऊन आल्या. आजकालच्या मुली, त्यांना काय माहीत. तलावाच्या पाळीवर जे होतं ते तोडून आणलं. फिकं जांभळं. बायकांनी तिच्या अंगावर घातलंही होतं. मी वेचून काढलं. वाडीकडे फेकायला हात उचलला, मग देठ पाहिले. देठाला पेरं होती. चुलीत टाकले.

आमच्याकडे मेलेल्याच्या तोंडात तांदूळ घालतात. सुनेनं डब्यातून काढून आणले. मी म्हणालो, थांब. शिडी लावून तुंबा काढला आणि पायरीवर फोडला. आत भुकटी. कोंडा आणि किड्यांची माती. इतक्या वर्षांचा धूर वाया गेला. बोटांनी चाळलं तर तळाशी काही दाणे अख्खे होते, कुसळासकट. काळे पडलेले. मोजले नाहीत. मुठीतसुद्धा भरले नसते.

लोक वाट पाहत होते. मी दाणे हातात घेऊन दारात आलो आणि बाहेर पाहिलं. पाऊस होऊन गेला होता, सगळीकडे पाणी होतं. पाळीपर्यंत पाहिलं, पाण्याच्या कडेनं तेच फिकं जांभळं.

मग मागं वळलो आणि ते तिच्या तोंडात घातले. सोललेले नव्हते. पेरायला जागा नव्हती.